हायवेवर थांबा टाकता येत नाही

या ग्रुपवर मी तीन वर्षं नुसता वाचतोय, आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा करमणूक म्हणून. कोणाला पुलावर बाई दिसली, कोणाच्या मागे पावलं वाजली... मी वाचायचो, बायकोला वाचून दाखवायचो आणि आम्ही हसायचो. माझा धंदाच तसा आहे. रत्नागिरीत एका आर्किटेक्टकडे बारा वर्षं ड्राफ्ट्समन आहे. जे मोजता येतं ते आहे, जे मोजता येत नाही ते माणसाच्या डोक्यात आहे – इतकं माझं सरळ होतं.

मग आज का लिहितोय? गेल्या दिवाळीनंतर आमच्या घरात भर दिवसा जे झालं त्याचा मला अजून थांगपत्ता लागलेला नाही. आणि एवढे महिने लिहिलं नाही, कारण ते सांगायचं तर आधी माझी स्वतःची एक घाण गोष्ट सांगावी लागते. तिला वगळून सांगून बघितलं एक-दोघांना. जमत नाही.

मला कॉम्प्युटरवर शहर बांधायच्या गेमचा नाद आहे. रस्ते आखायचे, घरं वसवायची, मग त्यात माणसं राहायला येतात, गाड्या पळतात, बस धावतात. जगभर लोक आपापल्या भागातले रस्ते त्यात हुबेहूब बनवतात आणि व्हिडिओ टाकतात. मी ठरवलं, आपला मुंबई-गोवा हायवे करायचा. पण आत्ताचा चौपदरी नाही, तो करणारे बरेच आहेत. मी करणार होतो जुना – दोनपदरी, जांभ्याच्या दरडीतून वळणं घेत जाणारा, कडेला पांढरे-तांबडे पट्टे मारलेली आंब्याची झाडं असलेला. संगमेश्वर ते चिपळूण एवढा तुकडा.

अडचण एकच. जुना रस्ता आता कुठे बघणार? वळणं कापली, झाडं गेली, दरडी खणून काढल्या. मला तो अर्धामुर्धाच आठवत होता.

भाऊकाकांना मात्र तो पूर्ण आठवत होता.

भाऊकाका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आयुष्यभर एसटीत ड्रायव्हर. त्यातली शेवटची कितीतरी वर्षं रत्नागिरी-गुहागर गाडीवर. काकी गेल्यावर अलोऱ्याला एकटेच राहायचे. मूलबाळ नाही. मग काचबिंदूने डोळे गेले – आधी एक, वर्षाच्या आत दुसरा – तेव्हा मी त्यांना रत्नागिरीत, नाचण्याला आमच्या फ्लॅटवर घेऊन आलो. आता दोन वर्षं होतील. स्वभावाने गरीब. जेवायला वाढलं तर ‘पुरे’ म्हणणारे, कधी काही मागून न घेणारे.

एका रविवारी मी सहज विचारलं, “काका, संगमेश्वर सोडल्यावर पहिलं मोठं वळण डावीकडे होतं का उजवीकडे?”

त्यांनी खुर्ची माझ्या बाजूला ओढून घेतली. “थांब. हितून नको सांगू. स्टँडातून गाडी काढूया.”

आणि त्यांनी खरंच काढली! दोन्ही हात मांडीवर गोल धरून, डावा पाय फरशीवर दाबत... “आता उतार. तिसरा टाकला. उजवीकडं दरड, डावीकडं उघडं हाय, खाली नदी दिसती. आता मोरी येईल, हळू घे, हादरा बसतो.” मी पेन घेऊन भराभर लिहीत होतो. नंतर जुन्या नकाशाशी पडताळून पाहिलं, तर वळण न् वळण जुळलं. मी थक्क झालो.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी चहाच्या आधी आमची गाडी सुटायची. मी आठवडाभर रस्ता बनवायचा आणि रविवारी त्यावरून बस सोडायची. गेममध्ये एखाद्या गाडीच्या पाठोपाठ कॅमेरा लावता येतो, आणि जवळ गेलं की इंजिनचा आवाजही येतो. काका तो आवाज ऐकायचे, मी समोरचं वाचून दाखवायचो आणि ते चुका काढायचे. “एवढ्या लवकर वळण न्हाय येत. अजून दोन आंबे जाऊ देत.”

मी टाकलेल्या व्हिडिओला लोक चांगलं म्हणायला लागले. एकाने विचारलं, इतके बारकावे कुठून मिळाले? मी लिहिलं – जुने नकाशे आणि स्वतःचा अभ्यास. काकांचं नाव घेतलं नाही. तेव्हा काही वाटलंही नाही.

सावर्डे जवळ आलं तसं काका एक दिवस म्हणाले, “सुध्या, सावर्ड्याच्या अलीकडं एक फाटा हाय. तिथं गाडी थांबव.”

“थांबा होता का तिथे?”

“विनंती थांबा. माणूस दिसला तर थांबायचं.” मग त्यांनी स्वतःहून सांगितलं. एवढ्या वर्षांत कोणालाच सांगितलं नसावं.

त्या फाट्यावर एक म्हातारी चढायची. दोन आठवडे रोज, दुपारच्या गाडीला. हातात फडक्यात बांधलेला डबा. नवरा सावर्ड्याला दवाखान्यात होता, त्याच्यासाठी. चढायला वेळ लागायचा, कंडक्टर कुरकुरायचा, पण काका थांबायचे. मग गणपतीच्या आदल्या दिवशी गाडी खच्चून भरलेली. माणसं दारात लोंबकळत होती. फाट्यावर म्हातारी हात करून उभी. काकांनी गाडी थांबवली नाही. नुसता अंगठा मागे दाखवला – मागची येतेय.

“आणि मागून गाडी नव्हती,” काका म्हणाले. “मला माहीत व्हतं. संध्याकाळपर्यंत एकही नव्हती.”

“मग?”

“मग काय. दुसऱ्या दिवशी फाट्यावर न्हाई. तिसऱ्या दिवशी न्हाई. परत कधीच दिसली न्हाई.” त्यांनी तोंडावरून हात फिरवला. “त्या दिवशी ती पोचली का न्हाय, त्याच्या पोटात अन्न गेलं का न्हाय... विचारायला तरी जायचं. रोज तिथूनच जात व्हतो मी. उतरलो न्हाई. तू तेवढी गाडी थांबव तिथं.”

मी म्हटलं, “हो काका, थांबवतो की.” मनापासून म्हटलं.

पण गेममध्ये हायवे प्रकारच्या रस्त्यावर बसथांबा टाकताच येत नाही. तशी सोयच नाही. टाकायचा तर तेवढा तुकडा कापून तिथे साधा रस्ता जोडायचा, म्हणजे पट्टे बदलणार, डांबराचा रंग वेगळा दिसणार, आणि ज्या वळणावर मी तीन आठवडे घालवले होते त्याला मधोमध ठिगळ लागणार. त्याच वळणाचा फोटो माझ्या व्हिडिओच्या तोंडाशी होता. दोन रविवार मी आज-उद्या केलं. तिसऱ्या रविवारी काकांनी विचारलं, “टाकलास थांबा?”

मी म्हणालो, “टाकला.”

आणि पुढचं जे केलं ते लिहिताना आत्ताही कानशिलं तापतात. बस फाट्यापाशी आली की मी स्पीकरचं बटण हळूच फिरवून आवाज बंद करायचो. इंजिन गप्प. “थांबली काका.” मनात पाच-सहा अंक मोजायचे, बटण परत फिरवायचं, “निघाली.” पडद्यावर बस कुठेही थांबलेली नसायची. ती कधीच पुढे गेलेली असायची. आंधळ्या माणसाला असं फसवणं अगदी सोपं असतं... काही लागत नाही.

काका फक्त म्हणायचे, “बरं.”

असं दीड महिना. त्यात एकदा सांगलीचा एक मित्र आला होता, याच गेमच्या नादातला. मी त्याला सगळा रस्ता दाखवला, काका बाजूलाच बसलेले. फाटा आला. मी बटण फिरवलं, “थांबली काका,” म्हणालो आणि मित्राला डोळा मारला. तो फिस्सकन हसला, मग खोकल्यासारखं केलं. मीही ओठ दाबून हसलो. दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या माझ्या बायकोने – प्राचीने – ते बघितलं. रात्री तिने एवढंच विचारलं, “तुला लाज नाही वाटत?” मी म्हटलं, अगं ते खुश आहेत ना, मग झालं.

आता त्या रविवारचं.

दिवाळी होऊन गेली होती. चारचा सुमार. हॉलमध्ये स्वच्छ ऊन. प्राची स्वयंपाकघरात मिक्सरवर खोबरं वाटत होती. नव्या व्हिडिओसाठी मी पडद्याचं रेकॉर्डिंग सुरू ठेवलं होतं. बसवर क्लिक केलं की कोपऱ्यात चौकट उघडते, तीत प्रवासी किती ते दिसतं. सहा होते. बस आंब्याच्या रांगेतून आली, वळण घेतलं.

“आला का रे फाटा?”

“आला काका.” माझा हात सवयीने स्पीकरवर गेला. बटण पूर्ण मागे फिरवलं की त्याचा खट्‌कन आवाज होतो आणि हिरवा दिवा विझतो. खट्‌ झालं. दिवा विझला. मी म्हणालो, “थांबली...”

आणि इंजिनचा आवाज बंद झाला नाही.

नुसता बंद झाला नाही असं नव्हे, तो बदलला. गेममधला आवाज पातळ असतो, सगळ्या गाड्यांना एकच. हा जड होता. जुनी डिझेलची गाडी उभी राहिली की आतून घुमते, खिडक्यांच्या काचा थरथरतात, तसा. मी पडद्याकडे पाहिलं. बस उभी होती. रस्त्याच्या मध्यभागी, ज्या वळणावर थांबा नाही, टाकताच येत नाही, तिथे. वाटलं गेम अडकला. पण समोरून गाड्या येत होत्या, झाडं हलत होती. बसच्या मागे एक ट्रक येऊन निमूट उभा राहिला.

काकांनी डावा पाय फरशीवर दाबून धरला होता. त्यांनी मान किंचित डावीकडे कलती केली, ड्रायव्हर बाहेरच्या आरशात दाराकडे बघतो तशी. त्या डोळ्यांना दोन वर्षांत उजेडसुद्धा कळलेला नाही.

“ये आये,” काका म्हणाले. आवाज मोठा, गाडीत बोलतात तसा. “दमानं चढ. घाई न्हाय कुणाला. डबा सांभाळ.” थोडं थांबले. “अरे, जागा द्या तिला कुणीतरी.”

माझा हात अजून त्या बंद बटणावर होता. किती वेळ गेला ते तेव्हा कळलं नाही. नंतर रेकॉर्डिंगमध्ये मोजलं, एकोणीस सेकंद.

मग घंटी वाजली. टण-टण. दोनदा. कंडक्टर दोरी ओढून देतो तीच, ‘चल’ म्हणणारी. आली आमच्या पाठीमागून. आमच्या पाठीमागे भिंत आहे आणि भिंतीला पुस्तकांचं कपाट, बाकी काही नाही.

काकांनी पाय सोडला. पडद्यावर बस हलली. मागचा ट्रक हलला. इंजिनचा आवाज चढत गेला आणि वळणापलीकडे गेल्यासारखा विरला. खोलीत मिक्सर ऐकू यायला लागला. तो मध्यंतरी चालूच होता असं प्राची म्हणते. तिला दुसरं काही ऐकू आलं नाही.

मी चौकटीकडे बघितलं. प्रवासी सात.

पुढचा थांबा सावर्डे. तो मी रीतसर टाकलेला. बस थांबली, निघाली. सहा.

“उतरली,” काका म्हणाले. मी त्यांना आकडा सांगितला नव्हता. मी काहीच सांगितलं नव्हतं.

काका माझ्याकडे तोंड न वळवता म्हणाले, “आज थांबलास.”

“काका, मी...”

“रोज थांबत नव्हतास. मला ऐकू येतं रे सुध्या. उभी गाडी गप्प नसते, घुमते. तुझी एकदम मरायची.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखादा नवीन ड्रायव्हर चुकला तर समजावून सांगावं तसं बोलत होते. “त्या दिवशी तुझा तो दोस्त हसला, तेव्हाच उठणार होतो. मग वाटलं, मी तरी कुठं थांबलो व्हतो तिच्यासाठी? मला रागवायचा काय अधिकार हाय.”

मला म्हणायचं होतं, आजही मी थांबवली नाही काका. आजही मी बटणच फिरवलं होतं. ते मी म्हणालो नाही. ‘आज थांबलास’ म्हणून जे त्यांनी माझ्या नावावर जमा केलं ते मी गुपचूप ठेवून घेतलं. सगळ्यात जास्त लाज मला त्याची वाटते. फसवण्याची वाटते त्याहूनही.

त्या रात्रीपासून मी काय काय तपासलं ते सांगतो, कारण खाली कमेंटमध्ये तेच विचाराल. बसमार्गाच्या यादीत फाट्यावर थांबा नाही. फाइल उघडून बघितली, नाही. तीच बस त्याच वळणावरून पुढच्या आठवड्यात मी चाळीस-पन्नास वेळा नेली. एकदाही थांबली नाही. रेकॉर्डिंग गेमच्या ग्रुपवर टाकलं. तिथले जाणकार म्हणाले, बग असतो, मागच्या-पुढच्या गाडीचा हिशोब चुकला की बस अशी अडकते, प्रवाशांचा आकडाही कधी उशिरा बदलतो. असेल. रेकॉर्डिंगमध्ये बस थांबलेली दिसते, सहाचे सात होताना दिसतात. आवाज गेमचा नेहमीचा पातळ. घंटी नाही. काकांचं बोलणंही नाही, कारण माइक बंद होता. म्हणजे जे दाखवता येतं त्याचं कारण मिळतं, आणि ज्याचं कारण मिळत नाही ते मला दाखवता येत नाही. स्पीकर दुकानात नेऊन तपासला. दुकानदार म्हणाला, बटण बंद केलं तर यातून कसला आवाज येणार?

पंधरा दिवसांनी एका शनिवारी मी बाइक काढून त्या फाट्यावर गेलो. फाटा ओळखायला येत नाही आता. चौपदरी रस्ता, कडेला काँक्रीटची भिंत, खालून बोगद्यासारखी वाट. आत वाडीत गेलो. वाडीचं नाव लिहीत नाही. एका अंगणात एक बाई वाल निवडत बसल्या होत्या. त्यांना विचारलं. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि मग विचारलं, “नाव काय तिचं?”

मला नाव माहीत नव्हतं. काकांनाही नव्हतं.

“मग कसं सांगायचं?” त्या म्हणाल्या. “डबा घेऊन सावर्ड्याला जाणाऱ्या हितं चिक्कार व्हत्या. कुणाचा कोण ना कोण दवाखान्यात असायचाच. गाडी नाय मिळाली तर चालत जायच्या.”

“चालत? एवढं लांब?”

“मग काय करतील?”

मी आणखी दोन घरी विचारलं. कोणाला सांगता आलं नाही. म्हाताऱ्या गेल्या, पोरं मुंबईला, घरं बंद.

घरी आलो तर काका गॅलरीत बसले होते. माझ्या चपलांच्या आवाजावरून त्यांनी ओळखलं. मी वाटेत ठरवत आलो होतो – सांगावं की ती पोचली होती त्या दिवशी, नवरा बरा झाला, मग दोघं मुलाकडे मुंबईला गेली. किती सोपं होतं. ते ‘बरं’ म्हणाले असते.

मी म्हणालो, “काका, फाट्यावर जाऊन आलो. तीन घरी विचारलं. काही कळलं नाही.”

हात पुढे करून त्यांनी चाचपडत माझं मनगट धरलं. “तू उतरलास तरी,” म्हणाले.

त्यानंतर त्यांनी गाडी काढायची गोष्ट काढलेली नाही. तब्येत बरी आहे, रेडिओ ऐकतात, प्राचीशी गप्पा मारतात. मीही तो नकाशा उघडलेला नाही. व्हिडिओखाली मात्र काकांचं नाव घातलं, उशिरा का होईना.

कारण विचाराल तर माझ्याकडे नाही. बग होता म्हणा, माझ्या कानांचा खेळ म्हणा, काकांनी अंदाजाने ‘उतरली’ म्हटलं असेल म्हणा. मी प्रत्येकावर विचार केलाय आणि प्रत्येक वेळी घंटीपाशी येऊन अडकलोय. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर सांगा. मी हसणार नाही.

हे सगळं लिहायचं खरं कारण वेगळं आहे. त्या दुपारी गाडी मी थांबवली नव्हती, हे काकांना अजून माहीत नाही. समोर बसून सांगायला दहा वेळा तोंड उघडलं आणि दहा वेळा जेवणाचं, औषधाचं बोलून उठलो. म्हणून आधी लिहून काढलं. ठरवलंय, लिहून झालं की पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांना वाचून दाखवायचं, डोळा मारल्याचंसुद्धा.

लिहून झालंय. काका गॅलरीत बसलेत, मला इथून त्यांची पाठ दिसते. अर्धा तास झाला. मला अजून खुर्चीतून उठवत नाहीये.